वाचकांचे प्रश्न : वर्गातच कॅम्प लावायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

मागच्या अंकात शाळांमधल्या आनंददायी शनिवार या उपक्रमाबद्दल लिहिताना मी सहज एक वाक्य टाकलं होतं, की थंडीत दोन दिवस वर्गातच कॅम्प लावून बघा, वाचन-गणित-परिसर सगळं त्यात बसतं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की हा महिना त्यालाच द्यायचं ठरवलं. सगळं छापायला जागा नाही, जे प्रश्न परत परत आले ते घेतलेत आणि लिहिणाऱ्यांची नावं काढलीयेत.

प्रश्न : मॅडम नमस्कार. मी शिरपूर तालुक्यातल्या एका पाड्यावर द्विशिक्षकी शाळेत आहे, पहिली ते चौथी मिळून ३८ पोरं. शहरातल्या एका शाळेचे फोटो स्टेटसला बघितले, रंगीत तंबू, प्लास्टिकचं गवत, पोरांच्या डोक्यावर टोप्या. छान वाटलं, पण आमच्याकडे तेवढा पैसा नाही. आणि खरं सांगू का, आमची पोरं रानातच वाढलेली, त्यांना कॅम्पचं काय कौतुक असणार? वरून साहेब आले तर विचारतील, अभ्यास कुठंय?

उत्तर : ताई, कौतुकाचं आधी घेते कारण खरी गोष्ट तिथंच आहे. पोरांना तंबूचं कौतुक दोन तास टिकतं, मग तो तंबू दोनशेचा असो नाहीतर पाच हजाराचा. जे टिकतं ते वेगळं, आपल्याला जे येतं ते शाळेत कुणीतरी विचारतंय हे. उन्हाळ्यात घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, नाहीतर अंगणात खाटा टाकून झोपणं, खळ्यावर राखणीला जाणं, रात्रीची लाईट आली की बापासोबत बॅटरी घेऊन मोटार चालू करायला शेतात जाणं, गावाबाहेर ठेलारी लोकांचे मेंढ्यांचे वाडे उतरलेले बघणं, आपल्या खान्देशातल्या पोरांनी हे सगळं बघितलंय, केलंय, फक्त त्याला कॅम्प म्हणतात हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करा. पहिल्या दिवशी फळ्यावर एकच प्रश्न लिहा, रात्री घराबाहेर झोपायचं असेल तर काय काय लागेल? पोरं बोलतील तसं लिहीत जा, आणि तुमच्याकडे पावरी बोलणारी पोरं असतील तर त्यांचा शब्द पण शेजारी लिहा, लाजू देऊ नका, पहिली-दुसरीच्या पोरांचं तर अर्धं वाचन त्या फळ्यावरच होऊन जातं कारण शब्द त्यांचेच असतात.

मग त्या यादीचे तीन भाग पाडायचे. लागेलच, असलं तर बरं, आणि नको. इथं पोरं भांडतात, भांडू द्या, फक्त "का" ते पूर्ण वाक्यात सांगायचं एवढी एक अट घाला. आमच्या वर्गात एकदा काठीवर पंधरा मिनिटं वाद झाला, एक म्हणे कुत्र्यासाठी लागते, दुसरा म्हणे सापासाठी, आणि तिसरीतली एक पोरगी शांतपणे म्हणाली की काठी नसली तर तंबू उभाच कसा राहणार. तोपर्यंत ते कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तंबू साडीचा करा. जुन्या सुती साड्या गावात कुठल्याही घरून मिळतात, दोन खिडक्यांच्या मध्ये दोरी बांधली, साडी मधोमध टाकली आणि खालची टोकं बेंचच्या पायाला बांधली की झालं. पण साडी टाकायच्या आधी मोजून घ्या, आणि मोजपट्टीने नका मोजू, पोरांच्या वितेने मोजा. एकाची ३८ वीत भरते, दुसऱ्याची ३४, तिसऱ्याची ४१, आणि मग साडी तर एकच आहे मग उत्तर वेगवेगळं का आलं हा प्रश्न पोरंच विचारतात. मीटर कशाला शोधला ते त्या क्षणी कळतं, पाठ्यपुस्तकातलं पान दहा वेळा वाचूनही तसं कळत नाही. नंतर मीटरने मोजून घ्या, नेहमीची साडी साधारण साडेपाच मीटरची असते, घरात आजीचं नऊवारी लुगडं असेल तर ते पण मागवा आणि दोन्हीत फरक किती ते काढायला लावा, वजाबाकी तिथंच होते.

दोरी बांधताना गाठी शिकवा. सुरगाठ आणि निरगाठ एवढे दोनच शब्द, ओढलं की सुटते ती आणि ओढलं की आवळते ती. बैलाला दावं बांधणारी पोरं यात तुमच्यापेक्षा हुशार निघतील, त्यांना शिकवू द्या. जो पोरगा वहीत मागे असतो तो त्या दिवशी पुढं उभा राहून चौघांचे हात धरून गाठ शिकवतो, आणि पुढचे आठ दिवस तो शाळेत वेगळाच दिसतो, हे मी कितीतरी वेळा बघितलंय.

चौथीसाठी मला सगळ्यात आवडतं ते पिशवीच्या वजनाचं गणित. दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको असं २०२० च्या दप्तर धोरणात सांगितलंय, तोच नियम कॅम्पच्या पिशवीला लावायचा. २५ किलोच्या पोराला अडीच किलो. किराणा दुकानातून तराजू नाहीतर काटा तासाभरासाठी मागून आणा आणि म्हणा, भरा आता पिशवी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो गेलंच. गोधडी टाकली की काटा धाडकन वर जातो आणि सगळ्यांची तोंडं उतरतात, मग हळूहळू डोकी चालायला लागतात, दोघांत एक गोधडी घेऊ का, पाणी तिथंच भरू का, भांडं एकच नेऊ का. यात बेरीज आहे, किलो-ग्रॅम आहे, टक्के आहेत, आणि वाटून घ्यायचं शहाणपण पण आहे, तुम्ही काही वेगळं शिकवायची गरजच पडत नाही.

आणि वाचन. याबद्दल मला जरा जास्त सांगायचंय. तंबूत एका वेळी दोघंच पाठवायचे, एक पुस्तक, एक बॅटरी. बाकी वर्ग बाहेर आपापल्या कामात. आमच्याकडे तिसरीत एक मुलगी होती, वर्गात वाचायला उभी केली की आवाजच फुटायचा नाही, मान खाली आणि बोट ओळीवर तसंच थांबलेलं. तिला तिच्या मैत्रिणीसोबत तंबूत पाठवलं. साडी पातळ होती त्यामुळे आतला बॅटरीचा गोल उजेड बाहेरून दिसत होता आणि तो उजेड हळूहळू सरकत होता, एका शब्दावर थांबायचा, मागे यायचा, परत पुढे जायचा. मी बाहेर बसून तो उजेडच बघत होते. अडखळत वाचत होती पण वाचत होती, सगळ्यांच्या नजरा अंगावर नव्हत्या एवढाच फरक. ताई, कॅम्पमधून दुसरं काहीच जमलं नाही तरी हे एवढं करा.

साहेबांचं म्हणाल तर घाबरू नका. वितेची मापं, पिशवीच्या वजनाचे तक्ते, तीन भागांची यादी, कॅम्पवरून घरी लिहिलेली पोस्टकार्डं हे सगळं भिंतीवर लावून ठेवा. निपुण भारत या सरकारी अभियानात जे मागतात ते वाचन, लेखन आणि संख्याज्ञान सगळं त्यात आहे, कागद स्वतःच बोलतो.

प्रश्न : मी जळगावात इंग्लिश मीडियम शाळेत तिसरीला शिकवते. आमच्या शाळेने चार तयार तंबू मागवले, आम्ही दिवसभराचा कॅम्प ठेवला आणि नुसता गोंधळ झाला, पोरं तंबूत घुसण्यासाठी मारामारी करत होती, शेवटी एक तंबू फाटला. शिकणं तर काहीच झालं नाही. आमचं काय चुकलं?

उत्तर : मॅडम, चुकलं असं नाही पण तंबू आधी आला आणि काम नंतर आलं. पोरांना आत जाऊन करायचं काही नसेल तर आत जाणं हेच काम होऊन बसतं.

१९०७ साली बेडन पॉवेल यांनी इंग्लंडमध्ये ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांना घेऊन जो पहिला कॅम्प लावला ना, ज्याच्यातून पुढे स्काउट सुरू झालं, त्यात मोठ्या घरची मुलं होती आणि कामगारांची पण होती, सगळी मिसळून त्यांचे चार छोटे संघ केले होते, लांडगे, बैल, कावळे आणि कर्ल्यू नावाचा पाणपक्षी अशी नावं दिलेली, आणि प्रत्येक संघाला त्यांच्यातलाच एक नायक. ती रीत अजून चालते कारण ती बरोबर आहे. पाच-सहा पोरांचा संघ आणि प्रत्येकाच्या हातात ठरलेलं काम. कुणी पाण्याचा, कुणी दोरीचा, कुणी हजेरीचा, कुणी वहीत लिहिणारा, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर कामं बदलायची म्हणजे एकच पोरगा दिवसभर नायक राहत नाही.

नावं मात्र आपली घ्या. सातपुडा जवळ आहे, पालकडे यावलचं अभयारण्य आहे, बिबट्या, अस्वल, तरस, मोर अशी चार नावं द्या आणि प्रत्येक संघाने आपल्या प्राण्याचं पाऊल शोधून काढायचं. मग ताटात ओली माती नाहीतर चाळलेली राख पसरा आणि बोटांनी ठसे काढायला लावा. बिबट्याच्या ठशात नखं दिसत नाहीत कारण तो चालताना नखं आत ओढून घेतो, तरसाच्या ठशात नखं उमटतात आणि त्याचे पुढचे पंजे मागच्यापेक्षा मोठे असतात, अस्वलाला पाच बोटं आणि लांब नखं, आणि त्याचा मागचा पाय तर माणसाच्या अनवाणी पायासारखा दिसतो. हे खरं आहे का ते पोरांना घरी तपासता येतं, गल्लीतलं मांजर आणि कुत्रं ओल्या मातीवरून गेलं की बघून या म्हणावं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्याकडे वीस तरी बातम्या येतील बघा.

राहिलेले तीन तंबू तीन कामांना द्या. एक वाचनाचा, एक दवाखान्याचा जिथं पट्टी बांधायला आणि हाताला झोळी करायला शिकायचं, आणि एक गप्प बसायचा. हो, गप्प बसायचा पण असू द्या. गोंगाटाने दमून जाणारी दोन-तीन पोरं प्रत्येक वर्गात असतात आणि त्यांना जायला जागा नसते.

प्रश्न : मी पारोळा तालुक्यातला शेतकरी, पोरगा दुसरीत आहे. शाळेने कॅम्प डेसाठी यादी पाठवली, झोपायची बॅग, टोपी, वॉटर बॉटल, टॉर्च, शिवाय सहाशे रुपये. कापसाचे पैसे अजून हातात नाहीत. पोरगा रडतोय. नाही म्हटलं तर त्याला एकट्याला घरी ठेवतील का?

उत्तर : भाऊ, पोराला घरी ठेवू नका आणि कर्ज काढून बॅग पण घेऊ नका. वर्गशिक्षकांना उद्याच शांतपणे भेटा आणि सांगा की घरातली गोधडी, स्टीलचा तांब्या आणि घरची बॅटरी देतो, पैशाचं जमणार नाही. बरेचदा यादी वरून येते आणि शिक्षकांना पण ती पटलेली नसते, एका पालकाने तोंड उघडलं की अजून दहा उघडतात. शिक्षकांना माझं हात जोडून सांगणं आहे, विकत घ्यावी लागेल अशी एकही वस्तू यादीत टाकू नका. ज्याच्याकडे आहे त्याच्या शेजारी ज्याच्याकडे नाही तो बसतो, आणि दुसरीतल्या पोराला ते बरोब्बर कळतं.

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यात आश्रमशाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवतो. मुलं वसतिगृहातच राहतात त्यामुळे रात्र आमच्या हातात आहे. होकायंत्र, दुर्बीण काही नाही. दिशा आणि तारे यावर कॅम्पमध्ये काय घेता येईल?

उत्तर : सर, तुमच्याकडे जे आहे ते शहरातल्या शाळांना पैसे देऊन मिळत नाही. अंधार! दुर्बीण नसली तरी चालेल.

दिवसाचं आधी सांगते तसं करा, सपाट जागेत एक सरळ काठी रोवा. सकाळी अकराच्या पुढे सुरू करा आणि दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी एक खडा ठेवायचा. कुठल्याही दोन खड्यांमधून रेघ ओढली की ती साधारण पूर्व-पश्चिम निघते, आधीचा खडा पश्चिमेकडचा. पण खरी मजा पुढेच आहे. पोरांना विचारा की सगळ्यात छोटी सावली किती वाजता पडेल, सगळे छाती ठोकून १२ म्हणतील. मग मोजू द्या. आपल्याकडे ती पडते साडेबाराच्या आसपास, महिन्याप्रमाणे थोडं इकडेतिकडे. कारण आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आहे, तो रेखांश जातो उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून, आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला, जळगाव साडेपंचाहत्तर अंशांच्या जवळ आणि नंदुरबार त्याहून पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं, सात अंशांना २८ मिनिटं. रेखांश नावाची जी रेघ नकाशात नुसती पाठ करायची असते ती पोरांच्या पायापाशी खड्यांच्या रूपात पडलेली असते. आठवीच्या मुलांना त्याच सावलीवरून झेंड्याच्या खांबाची उंची काढायला लावा, एक मीटरच्या काठीची सावली आणि खांबाची सावली एकाच वेळी मोजायची आणि त्रैराशिक मांडायचं. आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणादेवीशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे त्या भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात सावलीच्या गणिताचं वेगळं प्रकरणच लिहिलंय, त्याला छायाव्यवहार म्हणतात, हे सांगितलं की पोरांची मान ताठ होते.

रात्री ध्रुवतारा. डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी सप्तर्षी दिसत नाहीत, ते उशिरा उगवतात, म्हणून उत्तरेला शर्मिष्ठा शोधा, पाच ताऱ्यांचा वाकडातिकडा एम सारखा आकार, आणि तिथून खाली ध्रुव. मार्चच्या पुढे सप्तर्षी संध्याकाळीच वर येतात, त्यातले पहिले दोन तारे क्रतू आणि पुलह, त्यांच्यातलं अंतर पाचपट पुढे नेलं की ध्रुव सापडतो. सापडला की पोरांना हात सरळ ताणून मूठ धरायला सांगा, ताणलेल्या हाताची मूठ आकाशात साधारण दहा अंश झाकते. क्षितिजापासून ध्रुवापर्यंत किती मुठी बसतात ते मोजा. दोन. दोन मुठी आणि वर थोडंसं. आता खोलीत येऊन नकाशा उघडा आणि आपल्या जिल्ह्याचा अक्षांश बघा, २१ अंशांच्या वर थोडा. ध्रुव जितका उंच तितका आपला अक्षांश. लहान पोराची मूठ लहान पण हात पण आखूड, त्यामुळे उत्तर जवळपास तेच येतं. मी पहिल्यांदा हे करून बघितलं तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती, एवढी मोठी पृथ्वी आणि आपण तिच्यावर कुठं आहोत ते आपल्या मुठीत मोजता येतं.

तोरणमाळ तुम्हाला जवळ असेल तर खरी सहल तिकडे न्या, पण वसतिगृहाच्या मैदानातला कॅम्प आधी होऊ द्या. काय बघायचं ते माहीत असलेली पोरं डोंगरावर गेली की बघतात, नाहीतर नुसती वेफर्स खाऊन परत येतात.

प्रश्न : कॅम्प म्हटलं की शेकोटी आलीच. शाळेच्या आवारात खरी शेकोटी पेटवावी का? आणि साप-विंचवाची भीती वाटते. (धुळे जिल्हा, पाचवीच्या शिक्षिका)

उत्तर : वर्गात तर अजिबातच नाही, साड्या आहेत, कागद आहेत, पोरं आहेत. लाल-पिवळा पतंगाचा कागद चुरगाळून चार लाकडांत खोचा आणि खाली बॅटरी ठेवा, दारं-खिडक्या लोटल्या की छान उजेड पडतो आणि गोष्टी तेवढ्याच रंगतात. एखाद्या आजीला बोलवा, कोडी घालायला, कानबाईची गाणी म्हणायला. मैदानात खरा जाळ करायचाच असेल तर तो कामाचा करा, वांगी भाजा. भाजायच्या आधी वांगी वजन करून घ्या, भाजून सोलल्यावर परत वजन करा, आणि उरलेलं वजन कुठं गेलं ते पोरांना सांगू द्या. पाणी वाफ होऊन गेलं, साल गेली, देठ गेला. भरीत शेवटी सगळ्यांनी खायचं. पाण्याची भरलेली बादली आणि वाळू शेजारी, दोन मोठी माणसं जाळाजवळ, आणि पोरांच्या अंगात नायलॉनचे कपडे नकोत.

सापाचं म्हणाल तर त्यालाच धडा करा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार विषारी साप पोरांना चित्रावरून ओळखता आले पाहिजेत, पण त्याहून महत्त्वाचं हे की कुठलाही साप चावला तरी करायचं एकच. पोराला शांत बसवायचं, चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून हलू द्यायचा नाही, १०८ ला फोन करायचा आणि सरळ सरकारी दवाखाना. चिरा मारायचा नाही, तोंडाने ओढायचं नाही, दोरीने करकचून आवळायचं नाही, आणि भगताकडे एक मिनिट पण घालवायचा नाही. याचं नाटक बसवा, एकाने चावलेला व्हायचं, चौघांनी सोडवायचं. पाचवीची पोरं हे घरी जाऊन आईबापाला सांगतात, आणि खरी गरज तिथंच आहे.

प्रश्न : मी अंगणवाडी ताई आहे, चोपडा तालुका. ३ ते ६ वर्षांची मुलं. त्यांना हे झेपेल का?

उत्तर : झेपेल ताई, फक्त थोडं आणि हळू. एक साडी, एक गोधडी, दगड-पानं-काड्या भरलेलं एक टोपलं. आत-बाहेर, वर-खाली, जड-हलकं, मोठा दगड-छोटा दगड हे शब्द अंगाने शिकू द्या. दिवसा साडी सोडून अंधार करा आणि रात्रीचे आवाज काढा, घुबड कसं, रातकिडा कसा, बेडूक कसा. एखादं बाळ अंधाराला घाबरलं तर त्याला बाहेरच बसू द्या, ढकलू नका. अर्ध्या तासापेक्षा जास्त नाही.

प्रश्न : मॅडम, आमचं वेळापत्रक असं की परीक्षा झाल्यावर एप्रिलमध्येच मोकळा वेळ मिळतो. तेव्हा कॅम्प घेतला तर? (चाळीसगाव तालुका, एक मुख्याध्यापक)

उत्तर : सर, आपल्याकडचा एप्रिल तुम्हाला माहीतच आहे, पारा ४० च्या वर असतो आणि पत्र्याच्या वर्गात साडी बांधली की आत भट्टी होते. त्यामुळे सकाळी सात ते नऊ, तेही निंबाखाली, आणि पाणी पिण्याची घंटा वेगळी लावा, दर अर्ध्या तासाला. उन्हात पाणी किती लागतं हे पण मोजून घ्या, प्रत्येकाने सकाळपासून किती पेले प्यायलो ते आपापल्या नावापुढे रेघ मारून ठेवायचं.

पण एप्रिलला मी नाही म्हणणार नाही, आणि त्याचं कारण वेगळं आहे. तुमच्या भागातून किती घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ते तुम्ही रोजच्या हजेरीत बघता. डिसेंबरचा कॅम्प होतो तेव्हा ती पोरं इथं नसतात, काही हंगामी वसतिगृहात, काही आजी-आजोबांकडे, आणि बरीचशी आईबापासोबत फडावर. ती परत येतात ती या दिवसांत. एका वर्षी आम्ही डिसेंबरातला तंबू हौसेने एप्रिलपर्यंत कोपऱ्यात तसाच ठेवला होता. चौथीतली एक पोरगी गावी परत आली, वर्गात शिरली, त्या साडीकडे बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, हाई तं आमनी कोपी शे." म्हणजे ही तर आमची कोपी आहे, फडावरची राहायची झोपडी.

वर्ग एकदम शांत झाला. मला पण काय बोलावं कळेना. आम्ही ज्याची दोन दिवस हौस केली त्यात ती पाच महिने राहून आली होती. मी तिला काही विचारलं नाही, तिथं कशी होतीस, काय खायचीस, असलं काहीच नाही, आणि तुम्ही पण कधी विचारू नका, सगळ्यांसमोर तर नाहीच. ती स्वतःच पुढे गेली, साडीचं टोक सोडलं आणि म्हणाली तोंड इकडे नको, वारं सरळ आत येतं. मग दोन पोरांना बोलावून तिने दोरी दुसऱ्या खिडकीला बांधून घेतली, खालच्या कडेला विटा ठेवल्या, आणि बोटाने जमिनीवर गोल रेघ काढून दाखवली की इथून चर खणतात म्हणजे अवकाळी पाऊस आला तरी पाणी आत येत नाही. चर कुठल्या बाजूला उतरता ठेवायचा हे पण तिला माहीत होतं. मी फळ्यावर उतार हा शब्द लिहिला आणि पोरांना बाहेर नेऊन मैदानात पाणी ओतून उतार शोधायला लावला, तो दिवसभराचा परिसर अभ्यासाचा तास झाला आणि शिकवत ती होती.

तेव्हापासून मी डिसेंबरात दोन दिवस घेते आणि एक सकाळ एप्रिलसाठी वेगळी ठेवते, हजेरीत परत आलेली नावं मोजून. तुमच्याकडे तर एप्रिलच मोकळा आहे सर, घ्या. फक्त तंबू बांधायच्या आधी तोंड कुठल्या दिशेला ठेवायचं ते पोरांना विचारा आणि जरा थांबा, उत्तर मागच्या रांगेतून येईल.